मंगळवारी बंद झालेली पाकिटं

बुधवारच्या जिल्हा दैनिकात पहिल्या पानावर साइमी कोर्वेलाचा फोटो होता. डोक्यावर विणलेली टोपी, हातात शाळेतली जुनी मोठी किटली, मागे मतदानासाठी आलेली फिरत्या वाचनालयाची पुस्तकांची बस. खाली लिहिलं होतं की संसदेच्या निवडणुकीचं आगाऊ मतदान मंगळवारी संध्याकाळी संपलं आणि त्यात जिल्ह्यात लेहतोवारा हे गाव पहिलं आलं. तिथल्या जवळजवळ सगळ्या मतदारांनी रविवारची वाट न पाहता मत देऊन टाकलं. फोटो बरा आला होता. साइमीने पेपर घडी करून पिशवीत टाकला, त्यावर लोण्याची डबी ठेवली आणि रोजच्यासारखी नवऱ्याला भरवायला निघाली.

तिचा नवरा विल्हो तालुक्याच्या गावी, आरोग्य केंद्राच्या मागच्या अंगाला असलेल्या वॉर्डात होता. अर्धांगाचा झटका आला तेव्हा त्याची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. मोजके शब्द उरले, त्यातला ‘नको’ सगळ्यांत स्पष्ट. साइमी रोज सकाळी वीस मिनिटं गाडी चालवून तिथे पोचायची. वॉर्डाच्या स्वयंपाकघरातून ओट्सच्या लापशीचा वाडगा घ्यायची, मधोमध चमच्याने खळगा करून त्यात लोणी सोडायची. लोणी वितळून पिवळा डोळा तयार झाला, की विल्हो तोंड उघडायचा. दुसऱ्या कुणी चमचा पुढे केला, की मान भिंतीकडे वळवायचा. सुरुवातीला सगळ्या नर्सनी प्रयत्न करून पाहिला होता.

“तुझा माणूस आमच्यावर रुसलाय,” मारिका नावाची नर्स म्हणायची. “तू त्याला बिघडवून ठेवलंयस.”

“बिघडला नाही, शिकलाय,” साइमी म्हणायची.

वॉर्ड बंद होणार, अशी कुजबुज शरदापासून चालू होती. बंद झाला, तर विल्होची रवानगी किनाऱ्यावरच्या शहरात होणार. ते अडीच तास लांब. साइमीला अंधारात आता नीट दिसत नाही, आणि आमच्याकडच्या हिवाळ्यात उजेड पडतो न पडतो तोच मावळतो. म्हणजे रोज जाणं संपलं. मग त्याला भरवणार कोण? निवडणुकीतला साइमीचा प्रश्न एवढाच होता.

साइमी लेहतोवाराच्या शाळेत स्वयंपाकीण होती. शाळेत जेवणाऱ्या मुलांची ती मावशी, आणि मुलं मोठी झाली तरी मावशीच राहिली. गुरुजींना मुलं वहीवरून कळायची, तिला परत आलेल्या ताटलीवरून. कोण आजारी आहे, कुणाच्या घरी भांडण झालंय, कोण प्रेमात पडलंय, हे ती उरलेल्या बटाट्यांवरून सांगायची आणि बहुतेक वेळा बरोबर निघायचं. पुढे मुलं कमी झाली आणि शाळा बंद पडली. त्या वेळी सह्या गोळा झाल्या, सभा झाली, पाहुणे येऊन गेले, आणि शाळा बंदच झाली. साइमीने मोठी किटली घरी आणली. कुणी मागितली नाही.

त्याच शाळेत जेवलेला इल्पो नार्ही यंदा संसदेला उभा होता. लहानपणी आई नसलेलं, हडकुळं पोर. दुसऱ्यांदा वाढून घ्यायचा आणि ताटली काळ्या पावाने पुसून आणायचा. विल्होनेच त्याला बर्फाला भोक पाडून मासे धरायला शिकवलं. पुढे तो शिकला, शहरात गेला, परत आला, आणि जिल्ह्याच्या आरोग्य मंडळावर निवडून गेला. वॉर्ड चालू ठेवायचा की नाही, हे तेच मंडळ ठरवणार होतं. थंडीत गावच्या सभेत सगळ्यांसमोर तो म्हणाला होता, “मी मंडळात आहे तोवर विल्होकाकाची खाट कुणी हलवणार नाही. आणि मला संसदेत पाठवलंत, तर तिथून पैसाच आणतो. मग बोलायलाच नको.”

एप्रिलचा दुसरा आठवडा, गुरुवारची दुपार. आगाऊ मतदान आदल्या दिवशीच सुरू झालेलं. इल्पो साइमीच्या स्वयंपाकघरात येऊन बसला. अंगात कोट होता.

“एवढा नटून कुठून?” साइमीने विचारलं.

“मीटिंग होती गं मावशी. सकाळपासून तेच.”

तिने कॉफी ओतली, वेलदोड्याचा गोड पाव पुढे केला. तो म्हणाला, “एक काम कर. लोकांना सांग, मत लवकर देऊन टाका. बर्फ उतरतोय. रविवारपर्यंत रस्ते फुटतील, चिखलात गाड्या रुततील. राकेल आजीसारखी माणसं घरीच राहतील. आणि मी पडेन तो असल्याच दहावीस मतांनी पडेन.”

“बस शुक्रवारी येतेच आहे. सोमवारीही.”

“तेच म्हणतोय. मंगळवारच्या आत सगळे मोकळे.”

तो गेला. बशीत अर्धा पाव उरला होता. साइमीने तो पाहिला आणि मनात म्हणाली, दमलाय बिचारा.

कुणाला मत द्यायचं, हे लेहतोवारात कुणी कुणाला सांगत नाही. एका ताटात जेवणारी नवरा-बायकोसुद्धा एकमेकांना विचारत नाहीत. विचारणं म्हणजे दुसऱ्याच्या कपाटात डोकावणं. साइमीनेही आयुष्यात कधी सांगितलं नव्हतं. त्या आठवड्यात मात्र ती दारोदार फिरली. दारात उभी राहून सरळ म्हणायची, “इल्पोला द्या. सत्तेचाळीस नंबर. सातला मधे आडवी रेघ मारा, नाहीतर एक वाटतो.” दुसरं कुणी असतं, तर लोकांनी दार लावून घेतलं असतं. पण ही साइमी होती. निम्म्या गावाला तिने वाढलं होतं.

शुक्रवारी पुस्तकांची बस जुन्या शाळेच्या अंगणात उभी राहिली. आत मुलांच्या गोष्टींच्या फळीजवळ पडदा लावलेला, टेबलाशी दोन अधिकारी बायका. ओळखपत्र दाखवायचं, कागदावर उमेदवाराचा नंबर लिहायचा, घडीवर शिक्का मारून घ्यायचा, पाकिटात घालून चिकटवायचं. एकदा ते चिकटलं, की तुमचं मतदान झालं. रविवारी केंद्रावर यादीत तुमच्या नावापुढे खूण असते, परत मत देता येत नाही. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणाला तिचं काही वाटत नाही. उलट लोकांना ते बरं वाटतं. लाकडं फोडून झाली, गाडीचे टायर बदलून झाले, तसं मतही देऊन झालं.

साइमीने बसशेजारी टेबल मांडलं होतं. किटलीवर इल्पोचा फोटो चिकटवलेला. थोड्याच वेळात एक अधिकारी बाई खाली उतरली.

“साइमी, मतदानाच्या जागी प्रचार चालत नाही. एक तर फोटो काढ, नाहीतर टेबल कुंपणाबाहेर ने.”

“फोटो काढते. टेबल जड आहे.”

“आणि बोलायचंही नाही.”

“कॉफी घेणार का, एवढं तरी विचारू?”

“तेवढं विचार,” बाई म्हणाली आणि स्वतःच कप पुढे केला.

राकेल काठी टेकत आली. वय ऐंशीच्या पुढे, जीभ अजून चाळिशीतली. पडद्याआडून बाहेर आल्यावर ती साइमीजवळ येऊन मोठ्याने म्हणाली, “मारली गं रेघ सातला. जन्मात त्या पक्षाला मत दिलं नव्हतं. आमचे हे थडग्यात कूस बदलत असतील.”

“हळू बोल.”

“का? त्यांना ऐकू येतं होय?”

सगळ्या गावात एकट्या ताउनोने मत दिलं नाही. तो आयुष्यभर रस्त्यावरचा बर्फ लोटायची गाडी चालवायचा. शुक्रवारी कुंपणाला रेलून कॉफी प्यायला, पण बसमध्ये चढला नाही.

“मी मत रविवारीच देतो,” तो म्हणाला. “लग्न आणि मत, दोन्ही इस्त्रीचा सदरा घालून करायची कामं.”

“तुझं लग्न टिकलं नाही, ताउनो.”

“त्यात सदऱ्याचा काय दोष?”

“रस्ता फुटेल. मग येशील चिखलातून चालत.”

“फुटेल तेव्हा बघू. यंदा फुटण्यासारखा दिसत नाही.”

साइमीने त्याला दुसरा पाव दिला नाही.

शनिवारी वॉर्डात मतदान झालं. जे उठू शकत नाहीत, त्यांच्या खाटेपाशी अधिकारी पेटी घेऊन जातात. विल्होच्या खाटेभोवती पडदा ओढला गेला. साइमी बाहेर उभी राहिली. आत येऊ का, असं तिने विचारलं नाही. तिने दोन दिवस त्याच्या डाव्या हाताकडून उशीवर बोटाने नंबर गिरवून घेतला होता; चार, मग सात, मग आडवी रेघ. आत बराच वेळ लागला. पडदा सरला तेव्हा विल्होच्या कपाळावर घाम होता आणि तो छताकडे पाहत होता. त्या वॉर्डात ज्यांना लिहिता येत होतं, त्या सगळ्यांनी त्या दिवशी मत दिलं. सोमवारी बस पुन्हा आली आणि राहिलेलं गावही मोकळं झालं. मंगळवारी मतदान संपलं.

म्हणून बुधवारी साइमी पेपर घेऊन निघाली होती. घडी उघडायची वेळ आलीच नाही.

मारिका वॉर्डाच्या दारातच उभी होती, हात छातीशी बांधून.

“आम्हाला आत्ताच सांगितलं,” ती म्हणाली. “जूनपर्यंत. मग कुलूप.”

“कसलं कुलूप?”

“वॉर्डाला, साइमी. मंडळाने ठरवलं. आज जाहीर केलं.”

साइमीने पिशवी खुर्चीवर ठेवली. “इल्पो भांडला असेल. हरला असेल बिचारा.”

 मारिका म्हणाली, “एकमताने झालं. गेल्या गुरुवारी सकाळी. आमच्या साहेबांनी दोनदा सांगितलं, एकमताने.”

साइमी आत गेली. लापशीत खळगा केला, लोणी सोडलं. विल्होने खाल्लं. गुरुवारचा कोट, मंगळवारच्या आत सगळे मोकळे, बशीतला अर्धा पाव, हे सगळं तिने चमचे भरता भरता जुळवलं असणार. कारण वाडगा ठेवून ती थेट पार्किंगमध्ये गेली आणि तिने इल्पोला फोन लावला. त्याने उचलला नाही. तिने पुन्हा लावला. पुन्हा नाही. गाडीत बसून ती लावत राहिली. शेवटी त्याचाच आला.

“मावशी, मी तुला करणारच होतो.”

“गुरुवारी माझ्याकडे आलास, तो बैठकीत हात वर करून आला होतास?”

पलीकडे गाडीचा आवाज येत होता. तो बंद झाला.

“बैठक बंद दाराआड होती. जाहीर होईपर्यंत बोलायचं नाही, असं ठरलं होतं.”

“बोलण्याचं नाही विचारलं मी.”

“हो. केला वर.” मग तो भरभर बोलू लागला. “ऐक ना. बाकी सगळे बाजूने होते. मी विरोध केला असता, तरी निर्णय तोच झाला असता. फक्त मी एकटा पडलो असतो. मग पुढे माझं कोण ऐकणार? संसदेत गेलो, की वेगळ्या रस्त्याने—”

“एकटा पडायचं होतंस. आम्हाला दिसला तरी असतास.”

“मावशी, राजकारण असं नसतं.”

“आणि रस्ता?”

“कुठला रस्ता?”

“फुटणार होता तो.”

“फुटतातच ना दरवर्षी,” इल्पो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं होतं. राकेल काठी आपटत साइमीच्या दारात आली.

“परत घेता येतं का?”

“नाही. नगरपालिकेत फोन केला मी. पाकीट चिकटलं, की चिकटलं.”

“माझं मत आहे. मी म्हणते नको, तर नको.”

“तसं नाही चालत, राकेल.”

राकेल बाकावर बसली. साइमीने कॉफी ओतली. राकेलने कप हातात घेतला नाही.

“मी त्याच्यावर नाही चिडलेय,” ती म्हणाली. “त्याला मी कधी मोजलंच नव्हतं. तू दारात आलीस म्हणून लिहिलं मी सत्तेचाळीस. तुझ्याकडे बघून.”

“माहीत आहे.”

“माहीत असून काय उपयोग आता?”

ती उठून गेली. गावातले बाकीचे एवढंही बोलले नाहीत. दुकानात साइमी आली, की लोक बिस्किटांच्या पाकिटांवरची अक्षरं वाचायचे. एकाने मात्र रांगेत मागून म्हटलं, “कॉफी झकास होती हो साइमी. पोटात अजून जळजळतेय.” दोघं-तिघं हसले. तिने मागे वळून पाहिलं नाही. पहिल्या पानावरचा फोटो दुकानाच्या काचेवर लावलेला होता. तो कुणी काढत नव्हतं, आणि ती काढायला सांगत नव्हती.

शनिवारी रात्रभर कडाक्याची थंडी पडली आणि रविवारी सकाळी रस्ता लोखंडासारखा घट्ट होता. मालाचा ट्रकसुद्धा निघून गेला असता. मतदान केंद्र गावच्या समाजमंदिरात होतं. अधिकारी टेबलाशी बसून शब्दकोडं सोडवत होते, कारण येणार कोण? गाव तर मोकळं झालं होतं. साइमी तिथे पोचली, तेव्हा ताउनो दाराशी बूट झटकत होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, वर कातडी जाकीट.

“तू कशाला आलीस?” तो म्हणाला. “तुझं तर झालंय.”

“बघायला आले.”

“काय बघायला? मी बरोबर होतो ते?”

ताउनोला स्वतःचं बोलणं लागलं असावं. तो थोडा जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, “हे बघ, माझं मत अजून माझ्याकडे आहे. गावात एकट्याकडे. तू सांगशील त्याला देतो. तुझंच समज.”

आठवडाभर दारोदार नंबर सांगत फिरलेली बाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली.

“नको,” ती म्हणाली. “माझं सांगून झालं. तुझं तू बघ.”

ताउनो आत गेला. ती त्याच्यामागून गेली आणि टेबलाशी उभी राहिली. अधिकारी मुलगी तिला ओळखत होती, तिच्याच हातचं जेवून मोठी झाली होती.

“मावशी, तुझं शुक्रवारी झालंय ना?”

“यादीत बघ.”

“अगं, मला माहीत आहे.”

“तरी बघ.”

मुलीने पानावरून बोट फिरवलं. “खूण आहे. झालंय.”

“बरं,” साइमी म्हणाली आणि वॉर्डाकडे निघाली. विल्होची जेवणाची वेळ झाली होती.

संध्याकाळी आगाऊ मतं आधी मोजली गेली. त्या मोजणीत इल्पो पुढे होता. रविवारची मतं यायला लागली, तसा तो मागे सरकत गेला आणि जिल्ह्यातून निवडून जाणाऱ्यांत अगदी शेवटच्या जागेवर अडकून निवडून आला. वॉर्डाची बातमी वाचून रविवारी मत देणाऱ्यांनी त्याला टाळलं होतं. ज्यांनी बातमीच्या आधी दिलं होतं, त्यांनी त्याला तारलं. आमच्या पेपराने सोमवारी लिहिलं, लेहतोवाराची मतं बाजूला काढली, तर इल्पो नार्ही घरी बसला असता. हे वाक्य खरं होतं. ते लिहायची गरज होती का, यावर गावात आजही दोन मतं आहेत.

निवडून आलेल्याने गावोगाव जाऊन आभाराची कॉफी पाजायची, अशी रीत आहे. इल्पो पुढच्या शनिवारी लेहतोवाराला येणार होता. समाजमंदिरात कॉफी कोण करणार, तर साइमी. ते दुसऱ्या कुणाला सुचलंच नाही. तो स्वतः तिच्याकडे विचारायला आला. दारातच उभा राहिला, आत ये म्हणेपर्यंत आला नाही.

“करते,” साइमी म्हणाली. “पण आधी माझ्याबरोबर वॉर्डात चल. अकरा वाजता.”

“कशाला?”

“विल्होला भरव. एकदा. मग सांग त्याला, शहरात बरं होईल म्हणून.”

राकेलला हे कळलं, तेव्हा ती म्हणाली, “त्याला कॉफी दिलीस, तर मी किटलीत मीठ टाकीन.”

“टाक. पण आधी ते तोंड बघू दे मला.”

“कुणाचं?”

“विल्हो मान वळवेल ना, तेव्हाचं इल्पोचं.”

तिचा हिशेब साधा होता. खासदाराच्या हातातला चमचा विल्हो नाकारेल. मारिका बघेल, वॉर्डातले सगळे बघतील, आणि त्या माणसाला कळेल की त्याने हात वर केला तेव्हा नक्की काय केलं. मंडळाचा निर्णय फिरेल, अशी आशा तिला नव्हती. पण कधीकधी एखाद्याला घरी ठेवून घ्यायची परवानगी मिळते, सोबतीला रोज माणूस येतो. त्यासाठी वरून कुणीतरी शब्द टाकावा लागतो. तो शब्द इल्पोने टाकावा, एवढं तिला हवं होतं.

शनिवारी अकराला इल्पो आला. कोट काढून त्याने खुर्चीवर ठेवला. मारिका दाराशी उभी राहिली. पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा कोपरावर उठून बसला. साइमीने खळगा केला, लोणी सोडलं, पिवळा डोळा तयार झाला आणि तिने चमचा इल्पोच्या हातात दिला.

“विल्होकाका,” इल्पो म्हणाला. “ओळखलंस का? मी इल्पो.”

विल्होने त्याच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. इल्पोने लापशी घेताना डोळा मोडला. लोणी कडेला ओघळून गेलं. साइमी कधी तसं करत नसे, ती कडेकडेने घ्यायची आणि डोळा शेवटच्या घासापर्यंत टिकवायची. ती वाट बघत राहिली.

विल्होने तोंड उघडलं.

पहिला घास गेला. दुसरा गेला. इल्पो मासे धरायच्या दिवसांचं बोलू लागला; बर्फ कसा खणला, कुणाचा बूट पाण्यात गेला. विल्होच्या तोंडाची डावी बाजू हलली. ते हसू होतं की घास सावरणं, हे कुणाला सांगता आलं नसतं. मारिका दारातून दोन पावलं आत आली. साइमी खाटेच्या पायथ्याशी उभी होती, लोखंडी दांडा धरून. विल्होने एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.

वाडगा रिकामा झाला. इल्पोने चमच्याने तळ खरवडला, अगदी लहानपणी ताटली पुसायचा तसा, आणि तोही विल्होने घेतला.

“बघ मावशी,” इल्पो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद खरा होता. “तू उगाच काळजी करत होतीस. खातो की तो. शहरातही खाईल.”

पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा परत आडवा झाला.

साइमीने वाडगा आणि चमचा उचलला, मोरीवर नेऊन धुतला, पुसून ठेवला. घरी ठेवून घ्यायचं, शब्द टाकायचं, त्यातलं काही ती बोलली नाही. बोलायला काही उरलं नव्हतं. कॉफी करते म्हणाली होती, म्हणून दुपारी समाजमंदिरात जाऊन तिने कॉफी केली. राकेल मीठ घेऊन आली होती. साइमीच्या तोंडाकडे बघून तिने पुडी खिशातच ठेवली. इल्पोने भाषणात मावशीचं नाव घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, पण कॉफी प्यायले. साइमी शेवटपर्यंत उभीच होती.

विल्होला जूनच्या सुरुवातीला शहरात हलवलं. गाडी आली त्या सकाळी मारिका त्याचं सामान बांधत होती. शहरातल्या वॉर्डासाठी तिला रुग्णाची माहिती सांगायची होती.

“औषधं सांगितली,” ती म्हणाली. “झोपेचं सांगितलं. खाण्याचं काय सांगू? काही सवय आहे, जपायला हवी अशी?”

साइमीने खाटेशेजारचा खण उघडला, आतली लोण्याची डबी काढून पिशवीत टाकली.

“काही नाही,” ती म्हणाली. “कुणाच्याही हातचं खातो.”